इरल्याखालचा फोन

शनिवार, ११ ऑक्टोबर. गाद्या उन्हात घालायच्या होत्या.

लोणावळ्याच्या वरच्या अंगाला ज्यांचं घर आहे त्यांना या कामाबद्दल वेगळं सांगायला नको. जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत घरात जे जे कापसाचं, लोकरीचं, चामड्याचं असतं ते ओल धरतं. चपलांना बुरशी येते, मिठाचं पाणी होतं. गाद्यांना तर असा वास येतो की त्यांच्यावर कुणाला झोपवून पैसे घ्यायची लाज वाटावी. आणि माझा धंदाच तो. घराला लागून दोन खोल्या काढल्या आहेत, सुट्टीला पुण्या-मुंबईची माणसं येऊन राहतात. दिवाळीसाठी दोन्ही खोल्या ठरलेल्या होत्या. त्याआधी कडक उन्हाचा एक दिवस साधून सगळ्या गाद्या, उशा, रजया भाजून काढणं भाग होतं. शुक्रवारी आभाळ स्वच्छ झालं तेव्हाच ठरवलं, उद्या.

घराच्या मागची चढण संपली की कातळ लागतो. उघडा काळा खडक, चांगला ऐसपैस, वर औषधालासुद्धा झाड नाही. श्रावणात त्याच्यावर बोटभर पाणी आणि बारीक रानफुलं असतात. ऑक्टोबरात त्याचा तवा होतो. गाद्या वाळवायला याच्यासारखी जागा नाही. वरून ऊन, खालून खडक, दोन्हीकडून शेकून निघतात.

या कातळाचा दुसरा उपयोग म्हणजे मोबाइलची रेंज. आमच्याकडे ती फक्त तिथेच येते. घरात येत नाही, अंगणात येत नाही, कातळाच्या कडेला करवंदीच्या जाळीपाशी बसलं तरी जाते. घरात इंटरनेटची तार घेतली होती, पण जुलैत दरडीबरोबर ती खाली गेली आणि जोडायला येतो म्हणणारे अजून येतायत. म्हणून फोन करायला सगळी वाडी कातळावर चढते, सकाळी किंवा दिवस कलल्यावर. भर दुपारी कुणी जात नाही. कानाला लावून बोलायचं असेल तर दुपारीही जमतं, पण फोनवर काही वाचायचं असेल तर पडद्यात आपलंच घामेजलेलं तोंड दिसतं. रेंज आहे तिथे सावली नाही आणि सावली आहे तिथे रेंज नाही. इतकी वर्षं कुणाचं त्यावाचून अडलं नव्हतं.

गाद्या वर न्यायला वहिनी होत्या. वहिनी म्हणजे पलीकडच्या वाडीतल्या. माझ्या नात्यातल्या कुणी नाहीत. पाहुणे असले की माझ्याकडे भाकऱ्या त्या करतात, खोल्यांची झाडलोट आम्ही दोघी मिळून करतो, आणि भातकापणीला त्यांना माणूस कमी पडलं की मी जाते, जरी माझ्या कापणीकडे बघून त्यांच्या जावा पदरात तोंड लपवून हसतात. मी त्यांना वहिनी म्हणते, त्या मला ताई. दहा-बारा वर्षं झाली. पहिल्याच पावसाळ्यात मी याच कातळावर घसरून पाय मोडून घेतला, तेव्हा वहिनींच्या नवऱ्याने मला पाठीवर घेऊन खालच्या रस्त्यापर्यंत नेलं होतं. वाटेत मी ओशाळून सारखी सॉरी म्हणत होते, तर ते म्हणाले, "भाताचं पोतं बोलत नसतंय, ताई." मी गप्प बसले. तेव्हापासून मी त्यांना भाऊ म्हणते.

तर त्या शनिवारी आम्ही बाराच्या आत सगळ्या गाद्या कातळावर पसरल्या, उशा त्यांच्यावर रचल्या, चादरी दगडांखाली दाबल्या. वहिनी म्हणाल्या, लांबून बघणाऱ्याला वाटेल हितं दवाखाना काढलाय. मी डोक्याला ओढणी, डोळ्याला गॉगल आणि अंगात पांढरा सुती कुर्ता अशी उन्हाच्या तयारीने होते. गॉगल चांगला होता, स्कूटर चालवताना डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून मुद्दाम घेतलेला. स्कूटर मात्र मिस्त्रीकडे पडली होती.

जेवण करून गाद्या उलटायला पुन्हा वर गेलो, तर वाडीच्या बाजूने वहिनींची मुलगी धावत येताना दिसली. मुलगी यंदा बारावी पास झाली. शांत, कामसू, आणि हट्टी. वाडीतल्या म्हाताऱ्यांचं रक्तदाब मोजायचं यंत्र माझ्या कपाटात असतं, पण ते वापरते ती. नर्सिंगला जायचं हे तिने नववीतच ठरवलं होतं. अर्ज भरला होता, एका यादीत नाव आलं नव्हतं, दुसरीची वाट बघत होती. तिला दम लागला होता. गाद्या उलटायला मदत म्हणून ती वर येत होती, आणि कातळावर पाय ठेवून रेंज लागताच कामशेतच्या मैत्रिणीचा फोन आला होता. यादी लागली, तळेगावच्या कॉलेजात हिचं नाव आहे, आणि आज पाचच्या आत साइटवर जाऊन जागा घेतली असं कळवायचं आहे. नाही कळवलं तर जागा पुढच्या नंबराला जाणार आणि ही शेवटची यादी.

वहिनींनी हातातली उशी खाली ठेवली. 

मी आधी सरळ मार्ग पाहिले. एसटी संध्याकाळची. जीपवाला शनिवारी खाली पर्यटकांना फिरवतो, तो आमच्याकडे फिरकत नाही. चालत लोणावळ्यात उतरायचं तर शनिवारची गर्दी, गाड्यांच्या रांगा, आणि सायबरवाल्याच्या दुकानापर्यंत पोचेस्तोवर पाच होऊन जाणार. मग राहिला फोन. मुलीच्या फोनची काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकलेली, त्यात बोलणं होतं, वाचणं सावलीतही अवघड. माझा फोन बरा होता. मी म्हटलं, सांग तुझ्या अर्जाचा नंबर, दोन मिनिटांचं काम आहे.

फोन उघडला. पडद्यावर मी होते. माझी ओढणी, माझा कुर्ता, मागे निळं आभाळ. साइटचं पान कुठेतरी या सगळ्याच्या खाली होतं. पडद्याचा उजेड पूर्ण वाढवला, काही फरक पडला नाही. उन्हाकडे पाठ केली, तर ऊन खांद्यावरून थेट पडद्यावर. उन्हाकडे तोंड केलं, तर पांढरा कुर्ता असा चमकला की पडद्यात कुर्त्याशिवाय काही दिसेना. उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून आपण पांढरं घालतो आणि फोनला तेच नेमकं नडतं, हे मला त्या दिवशी कळलं. वहिनी त्यांच्या गडद हिरव्या लुगड्यात शेजारी उभ्या राहिल्या तेव्हा त्या बाजूची दोन अक्षरं दिसली.

पान रुंद होतं म्हणून मी फोन आडवा धरला आणि पडदा गप्पकन काळा झाला. उभा केला, थोडं दिसलं. आडवा केला, काळा. मी जाहीर करून टाकलं की फोन उन्हाने गेला. खाली माझा जुना फोन आहे, त्याला चार्जिंग किती आहे बघायला हवं, असं सगळं धडाधडा बोलून मी उतारापर्यंत गेलेसुद्धा. मुलगी मागून आली, माझ्या हातातून फोन घेतला, आडवा धरून बघितला आणि हळूच म्हणाली, "मावशी, गॉगल काढा ना."

काढला. फोन ठणठणीत होता. त्या गॉगलच्या काचांचंच काहीतरी असतं, फोन एका बाजूने धरला की त्यातून पडदा काळा दिसतो. मी गॉगल डोक्यावर सरकवला. वहिनी गाद्यांकडे तोंड करून हसल्या, पण खांदे हललेले मला दिसले.

मग आडोसा. सगळ्यात जवळ चादरी होत्या. मी आणि मुलगी एका चादरीखाली बसलो. बाहेर होतं त्याहून आत जास्त लख्ख. पांढऱ्या चादरीतून ऊन गाळून येतं आणि चारी बाजूंनी फोनवर पडतं. मग रजई घेतली, पाहुण्यांसाठीची, जाड. तिच्याखाली मात्र अंधार झाला आणि साइटचं पान पहिल्यांदा नीट दिसलं. अर्जाचा नंबर घातला. साइट म्हणाली, तुमच्या मोबाइलवर आकडे पाठवलेत, ते टाका.

आकडे गेले भाऊंच्या मोबाइलवर. दहावीच्या वेळी घरात तो एकच फोन होता, म्हणून शाळेपासून मुलीच्या सगळ्या कागदांवर त्यांचाच नंबर. आणि भाऊ त्या वेळी उर्से टोलनाक्याजवळ एक्सप्रेसवेच्या कडेचं गवत कापत होते. कंत्राटदाराचं काम, दिवसभर तिथेच. मुलीने तिच्या तडकलेल्या फोनवरून लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. गवत कापायचं यंत्र चालू असलं की त्यांना ट्रकचा भोंगाही ऐकू येत नाही, हे आम्हा दोघींना माहीत होतं, तरी दोघी पुन्हा पुन्हा लावत राहिलो. कधीतरी त्यांनी पाणी प्यायला यंत्र बंद केलं असावं. फोन लागला.

मुलीने एका दमात सांगितलं. मला वेगळीच काळजी. म्हटलं, भाऊंनाही उन्हातच वाचायचंय, तिथे तर रस्त्यावर झाड नाही. मी रजईखालून ओरडले, कुठेतरी सावलीत जा, गाडीच्या आड वगैरे. भाऊंचा फोन जुना, बटणांचा, काळ्या-पांढऱ्या पडद्याचा. वाडीतली पोरं त्यावरून त्यांची चेष्टा करतात. ते म्हणाले, "सावलीत कशाला? ह्याला ऊन लय मानवतंय. जेवढं ऊन तेवढं ठळक दिसतंय."

खरंच तसं होतं. त्या पडद्याला स्वतःचा उजेड लागतच नाही, उन्हाचाच पुरतो. बोलता बोलता निरोप बघायची त्यांना सवय नव्हती म्हणून त्यांनी फोन ठेवला, आकडे पाठ केले आणि परत लावून शाळेतल्या कवितेसारखे एका चालीत म्हणून दाखवले. मी ते टाकत होते. पण एव्हाना रजईखाली भट्टी झाली होती. माझ्या हनुवटीवरून घामाचा थेंब टपकला आणि पडद्यावर त्याने स्वतःच काहीतरी दाबलं. पुसला, तर पुसण्याने आणखी काही दाबलं गेलं. साइट म्हणाली, आकडे चुकले. आणखी एकदा चुकले तर उद्या या.

आणि वर पडदा अंधुक होत गेला. फोन फार तापला आहे, थंड होऊ द्या, असा निरोप आला आणि तो निरोपही विझला.

मी रजई फेकली. मुलगी तशीच गुडघ्यात डोकं घालून बसली. रडत नव्हती. मी फोन घेऊन खाली घरात गेले आणि माठाला गुंडाळलेल्या ओल्या फडक्याला एका कोरड्या पातळ कापडातून टेकवून ठेवला. फ्रीजमध्ये ठेवायचा नाही एवढं मला ठाऊक होतं. ताप आलेल्या माणसाला एकदम बर्फात बसवत नाहीत, तसंच. पाणी घेऊन पुन्हा वर आले तेव्हा वहिनी गाद्या उलटत होत्या. एकेक गादी, शांतपणे. मला आधी राग आला, म्हटलं ही काय वेळ आहे. मग लक्षात आलं की त्यांना दुसरं काय करता येणार होतं.

वहिनी लेकीकडे न बघता म्हणाल्या, "औंदा न्हाई झालं तर पुढल्या साली करू की."

मुलगी म्हणाली, "पुढच्या साली तुम्ही माझं लग्न लावाल."

वहिनी थांबल्या. गादीचं टोक हातातच होतं. कार्ल्याच्या बाजूचं एक स्थळ गणपतीत घरी येऊन गेलं होतं, हे मला माहीत होतं. चांगली माणसं होती, मुलगा कारखान्यात कामाला. भाऊंनी त्यांना सांगितलं होतं, पोरीचं शिक्षण लागलं तर थांबायचं, न्हाई लागलं तर बघू. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. घरात जसं बोलतात तसं बोललेलं होतं. पण त्या 'बघू'चा अर्थ काय हे तिघींनाही कळत होतं.

वहिनींनी गादी खाली ठेवली. "न्हाई लावणार," त्या म्हणाल्या. "पण तू आदी पाणी पी."

मी पुन्हा घरी गेले फोन आणायला. फोन गार झाला होता, सुरूही झाला, पण आता हातात घेऊन करायचं काय? घरात पान दिसेल पण उघडणार नाही, वर उघडेल पण दिसणार नाही. शिवाय साइटच्या पुढच्या पानावर दोन बटणं असतात, मैत्रिणीने बजावून सांगितलं होतं. एक जागा घेण्याचं, एक जागा सोडण्याचं, दोन्ही एकाच रंगाची, अगदी शेजारी. अंदाजाने दाबायची गोष्ट नव्हती. छत्री घेऊ म्हटलं, तर माझी छत्री पाहुण्यांना आवडावी म्हणून घेतलेली, पारदर्शक प्लास्टिकची. त्या क्षणी मला माझ्या सगळ्या हौशी वस्तूंचा कंटाळा आला.

आणि तिथेच, ओटीच्या भिंतीवर, इरलं टांगलेलं होतं.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. भाताच्या लावणीत पाऊस थांबत नाही आणि कामही थांबत नाही. दोन्ही हात रोपांत असतात, छत्री कोण धरणार? म्हणून बांबूच्या कामट्यांची जाळी, तिच्यात पानांचा जाड थर, असं एक पाठीवर घ्यायचं छप्पर असतं. डोक्यावरून कमरेखालपर्यंत, अर्ध्या होडीसारखं. घालून वाकलं की पाठ, डोकं सगळं झाकतं आणि समोर हातांपुरती जागा मोकळी राहते. आता शेतांत प्लास्टिकचे निळे कागद दिसतात. माझं इरलं वहिनींच्या सासऱ्यांनी, आबांनी, केलेलं. ते वारायच्या आदल्या वर्षी मी त्यांच्याकडे मागायला गेले होते, ओटीवर टांगायला, शोभेसाठी. आबांनी मला खालून वर बघितलं आणि म्हणाले, "भित्तीला पाऊस लागतो व्हय गं?" पण दिलं. चुलीवरच्या माळ्यावरचं काढून दिलं, धुराने आतून काळं झालेलं, कारण नवं करायला त्यांचे हात आता चालत नव्हते. पाहुणे त्याच्याखाली उभं राहून फोटो काढतात. मी त्याच्याखाली एकदाही गेले नव्हते.

खिळ्यावरून काढलं, डोक्यावर घेतलं आणि कातळ चढले. अर्ध्या वाटेतच कळलं. ऊन पाठीवर, आत काळोख, आणि समोरून वारा येतोय.

वहिनींनी मला येताना पाहिलं आणि कपाळावर हात मारला. म्हणाल्या, "ताई, लावणी संपली. कापणी आली आता."

"तुम्ही इकडे या," मी म्हटलं. "मागून धरून ठेवा."

मी आणि मुलगी खडकावर उकिडव्या बसलो, उन्हाकडे पाठ करून. इरलं एका माणसापुरतं असतं. आम्ही दोघी त्याच्यात डोक्याला डोकं लावून कशाबशा मावलो. वहिनींनी मागून ते तोललं. लावणीत रोपं जिथे असतात तिथे, गुडघ्यांच्या मधे, मुलीने फोन धरला. धुराने काळ्या झालेल्या पानांमुळे पडद्यात कसलंच प्रतिबिंब नव्हतं. ना कुर्ता, ना आभाळ, ना माझं तोंड. एखाद्या खोलीत बसून वाचावं तसं पान दिसत होतं. अक्षर न अक्षर. घामाची सोय म्हणून मी ओढणी कपाळाला घट्ट बांधली होती.

भाऊंना फोन लावला. या वेळी त्यांनी पहिल्या रिंगला उचलला. यंत्र बाजूला ठेवून फोन हातात धरूनच बसले होते. मुकादम काहीतरी बोलत होता तो मागून ऐकू येत होता. आकडे आले. भाऊंनी पाठ केले, परत लावला, म्हणून दाखवले. मुलीने ते टाकले, मी मनात पुन्हा जुळवले. पान उघडलं. तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तळेगावच्या कॉलेजचं नाव. खाली ती दोन बटणं, अगदी एकाला एक लागून.

मुलीचं बोट थांबलं. मी इंग्रजी मोठ्याने वाचून दाखवलं, मग मराठीत सांगितलं, मग पुन्हा वाचलं. घाई करायचा माझा स्वभाव आहे, पण इथे केली नाही.

"डावीकडचं," मी म्हटलं.

तिने दाबलं. गोल गोल फिरणारी खूण आली आणि फिरत राहिली. इरल्याच्या आत आम्ही दोघी श्वास रोखून.  मग हिरवी खूण आली आणि खाली वाक्य आलं की तुमची जागा नोंदली गेली आहे.

मुलगी इरल्याखालून बाहेर आली आणि कातळावर सरळ आडवी झाली, हात पसरून, गाद्यांमधली आणखी एक गादी असल्यासारखी. मी बाहेर येऊन पाठ सरळ केली. वहिनी मात्र उभ्याच होत्या.

"दिसतंय का आजून?" त्यांनी विचारलं.

मी फोन त्यांच्या हातात दिला आणि इरलं त्यांच्या डोक्यावर ठेवलं. त्या सवयीने कमरेत वाकल्या, जशा आयुष्यभर वाकत आल्या तशा, आणि फोन रोपांच्या जुडीसारखा डाव्या हातात धरला. बराच वेळ तशाच. वहिनी चौथीपर्यंत शिकलेल्या. मराठी त्या सावकाश पण नीट वाचतात. पान इंग्रजीत होतं, पण नाव मराठीतही होतं.

"काय बघता एवढं?" मी विचारलं.

"नाव," त्या आतून म्हणाल्या. "आडनावासकट हाय."

फोन घेऊन मी बाजूला झाले. भाऊंना कळवायचं राहिलं होतं. मुलीने लावला. पलीकडे गाड्या जाताना ऐकू येत होत्या. भाऊ म्हणाले, बरं झालं, आता माजं बीपी कालेजातल्या यंत्रावर तपास, त्या ताईंचं यंत्र लय घट्ट दाबतंय. आणि यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

मी भावुक बाई नाही. कुणी रडायला लागलं की मी चहा टाकायला उठते. त्या दिवशीही चहा टाकला. पण चहा गाळताना मी मोजत नसले तरी आठवत होते, या माणसांनी मला काय काय दिलं ते. पाठीवरून खाली नेलं, कापणीत सांभाळून घेतलं, भाकऱ्या केल्या, आणि शोभेसाठी म्हणून मागितलेली कामाची वस्तू हसून देऊन टाकली. ते इरलं मी मागितलं नसतं आणि आबांच्या माळ्यावरच राहिलं असतं तर आबा गेल्यावर चुलीत गेलं असतं, हे वहिनींनीच चहा पिताना सांगितलं. म्हणजे माझी हौस अगदीच वाया गेली नव्हती. तेवढंच समाधान.

चहा झाला, मग दुसऱ्यांदा चहा झाला. वाडीतून दोघी-तिघी आल्या, बातमी पसरली होती. कॉलेजात कोणते कागद न्यायचे, तळेगाव स्टेशनवरून रिक्षा मिळते की चालत जायचं, कुणाची भाची तिथे राहते, असं बोलणं चाललं. कुणीतरी इरलं डोक्यावर घेऊन बघितलं, कुणीतरी म्हणालं, आबा असते तर म्हणाले असते, फोन भिजतोय व्हय. दिवस मावळला, भाऊ कामावरून आले, गूळ आणला होता तो सगळ्यांच्या हातावर ठेवला. मग एकेक करून सगळे गेले आणि मी दार लावलं.

गाद्या वरच राहिल्या.

रविवारी सकाळी उठून कातळावर गेले तर दहिवर पडून सगळ्या गाद्या चिंब झालेल्या, शनिवारपेक्षा जड. वहिनी माझ्याआधी तिथे होत्या आणि पहिली गादी उभी करून निथळत ठेवली होती.  दोघींनी मिळून सगळ्या पुन्हा पसरल्या. नंतर मी ओटीच्या भिंतीतला खिळा उपटला, भोक चुन्याने बुजवलं, आणि इरलं वर नेऊन कातळाच्या मधोमध दोन जाड मेढींना बांधलं, पाठ दक्षिणेला, तोंड उत्तरेला, बुडाला दगड रचून. पाऊस संपलेला होता, जूनपर्यंत त्याला धोका नव्हता. मग पांढऱ्या कुर्त्यावरून वहिनींची एक काळपट शाल गुंडाळली, आत शिरून बसले, आणि दिवाळीला येणाऱ्या पाहुण्यांना उत्तरं लिहिली, की गाद्या कोरड्या मिळतील.